बटण बिघडले म्हणून घाई नको : कीबोर्ड आणि गाडीची रिमोट चावी घरी दुरुस्त करताना या चुका टाळा

लॅपटॉपवर एखादे अक्षर उमटेनासे झाले किंवा चावीवरील बटण दाबूनही गाडीचे दार उघडेना, की घरोघरी पहिला हात स्क्रूड्रायव्हरकडे जातो. ही दोन उपकरणे एकमेकांपासून दूरची वाटतात. परंतु दोन्हींत बोटाच्या दाबाने एक लहानसा विद्युतसंपर्क जुळतो आणि तो जुळला नाही की उपकरण मुके होते, त्यामुळे त्यांच्या दुरुस्तीत होणाऱ्या चुकाही पुष्कळशा सारख्याच असतात. घरातील बिघडलेली उपकरणे स्वतः उघडून पाहण्याची मला जुनी खोड आहे आणि पुढे सांगितलेल्या चुकांपैकी निम्म्या तरी मी स्वतः केलेल्या आहेत. मूळ बिघाडाने झाले नसते एवढे नुकसान बहुतेक वेळा माझ्या उपायांनी केले, हे आधीच कबूल करतो.

बिघाड कोठे आहे हे न पाहता उपकरण उघडणे

‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ ही म्हण कीबोर्डच्या दुरुस्तीला जितकी लागू पडते तितकी क्वचितच कशाला पडत असेल. विंडोजमध्ये उजवीकडील शिफ्टचे बटण सलग आठ सेकंद दाबून धरले तर ‘फिल्टर कीज’ ही सोय सुरू करण्याविषयी विचारणा होते, आणि घाईत ‘होय’ म्हटले गेले तर त्यानंतर बटणे हलकेच दाबल्यास संगणक त्यांची दखलच घेत नाही. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबल्यास ‘स्टिकी कीज’ची, म्हणजे शिफ्टसारखे बटण दाबून न धरताही लागू राहण्याच्या सोयीची, विचारणा येते. काही लहान लॅपटॉपवर नम लॉक चालू राहिल्याने उजव्या हाताखालची काही अक्षरे आकडे उमटवू लागतात. मराठीत लिहिणाऱ्यांची आणखी एक गंमत असते : भाषेचा पर्याय नकळत इन्स्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीच्या कीबोर्ड मांडणीवर गेला, की इंग्रजी ‘डी’च्या जागी हलन्ताचे चिन्ह उमटते आणि घरातील मंडळी ‘डी खराब झाला’ असे ठरवून मोकळी होतात. विंडोजचे बटण दाबून स्पेस बार दाबला की भाषा बदलते आणि दुरुस्ती तेवढ्यावर संपते.

म्हणून काहीही उघडण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. पडद्यावरचा कीबोर्ड उघडून तेच अक्षर माउसने टिपून पाहावे. यूएसबीचा दुसरा कीबोर्ड जोडून पाहावा. आणि शक्य असल्यास संगणक सुरू होताना, विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या बायोस या मूळ सेटिंगच्या पानावर जाऊन बिघडलेले बटण तेथे तरी चालते का, हे तपासावे. विंडोज अद्याप सुरूच झालेले नसताना बटण चालले नाही, तर दोष जवळजवळ नक्कीच यंत्रात आहे. तेथे चालले, तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवावा.

यंत्रातीलच दोष ठरला तरी तो एका बटणाचा आहे की अनेकांचा, हे पाहणे फार महत्त्वाचे असते. कीबोर्डमधील प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. आडव्या आणि उभ्या वाहिन्यांचे जाळे असते आणि बटण दाबले की त्यांतील एक आडवी व एक उभी वाहिनी एकमेकींना जोडली जाते. आठ आडव्या आणि सोळा उभ्या वाहिन्या असल्या, तर अवघ्या २४ वाहिन्यांमधून १२८ जागा ओळखता येतात. त्यामुळे एकच बटण चालत नसेल तर त्याच्याखाली कचरा, चिकटपणा किंवा दबलेली रबरी टोपी असण्याचा संभव अधिक. परंतु एकमेकांशी वरकरणी संबंध नसलेली पाच-सहा बटणे एकदम बंद पडली, तर एखादी वाहिनी तुटलेली असते किंवा मदरबोर्डला जोडणारी चपटी पट्टी सैल झालेली असते. अशा वेळी सहाही बटणे उपटून त्यांच्याखाली कापसाचे बोळे फिरवणे म्हणजे नुसता घाम गाळणे होय.

एका लक्षणाकडे मात्र कधीही दुर्लक्ष करू नये. मधल्या भागातील बटणे वर उचललेली दिसू लागली, टचपॅड दाबायला घट्ट झाला किंवा लॅपटॉपचे झाकण नीट बसेनासे झाले, तर आतील बॅटरी फुगलेली असू शकते. वरून दाबून बटणे ‘बसवण्याचा’ प्रयत्न अशा वेळी धोक्याचा ठरतो. चार्जर काढावा, लॅपटॉप बंद ठेवावा आणि तो जाणत्या माणसाकडे न्यावा.

चहा सांडल्यावर तांदळाचा डबा शोधणे

चहा सांडला की बरेच जण आधी चालू काम सेव्ह करतात, मग फडके आणतात, मग लॅपटॉप बंद करतात. क्रम नेमका उलटा हवा. चार्जर काढून पॉवरचे बटण लॅपटॉप पूर्ण बंद होईपर्यंत दाबून धरावे, तो उघड्या पुस्तकासारखा उपडा ठेवावा आणि ओघळ खाली येऊ द्यावा. ओलावा आणि वीज एकत्र आल्यावर तांब्यावर जी रासायनिक झीज सुरू होते, ती मिनिटांत नुकसान करू शकते. न वाचवलेला मजकूर पुन्हा लिहिता येतो.

तांदळात ठेवण्याचा उपाय इतका लोकप्रिय आहे की त्याला विरोध करणे हे जवळजवळ उद्धटपणाचे वाटते. तरीही सांगणे भाग आहे : कीबोर्डच्या पातळ थरांत केशाकर्षणाने अडकलेले पाणी तांदूळ बाहेर ओढून काढत नाही, उलट त्याची पीठी फटींत शिरते. मोकळ्या हवेत, पंख्याखाली उपडे ठेवणे अधिक उपयोगाचे असते आणि पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत किंवा कोकणात, त्याला दोन-तीन दिवसही लागू शकतात. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा तर मुळीच देऊ नये, कारण तिने प्लॅस्टिकचे पत्रे वाकडे होतात.

येथे एक बारकावा आहे. चहा वाळला तरी त्यातील साखर आणि दूध जागच्या जागी राहतात आणि बटण चिकटते ते त्यांच्यामुळेच. दुरुस्तीच्या कामात सर्वत्र सांगितले जाणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल उत्तमच असते, परंतु साखर त्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून शुद्ध अल्कोहोलने कितीही पुसले तरी चिकटपणा तसाच राहतो आणि माणूस चिडून जोर लावतो. आधी डिस्टिल्ड पाण्याने जेमतेम ओलसर केलेल्या कापूसकाडीने साखर काढावी आणि मग ९९ टक्के अल्कोहोल फिरवून उरलेले पाणी घालवावे. हे सारे उपकरणातून वीज पूर्ण काढल्यावरच करावे. अल्कोहोल ज्वलनशील आहे, तेव्हा देवघरात समई तेवत असलेल्या खोलीत हे काम मांडू नये.

अल्कोहोलऐवजी हाताशी असेल ते वापरणे ही याच्याच जोडीची चूक. सॅनिटायझरमध्येही अल्कोहोलच असते असे म्हणून ते कीबोर्डवर चोळले जाते. परंतु हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन घातलेले असते, आणि तेच बटणांखाली ओशट राहते. नखांचा रंग काढण्याच्या द्रवातील अॅसिटोन प्लॅस्टिक विरघळवते. गंज सोडवण्याचे फवारे आणि शिवणयंत्राचे तेल यांनी बटण दोन दिवस सुरेख चालते, मग त्या तेलावर धूळ बसून चिखल होतो.

सुरीने बटण उचकटणे

लॅपटॉपच्या बटणाखाली कात्रीसारखी एकमेकींत अडकलेली दोन नाजूक प्लॅस्टिकची पाती असतात आणि ती धातूच्या पत्र्यावरील इवल्याशा आकड्यांत बसवलेली असतात. बटण कोणत्या बाजूने उचलायचे हे मॉडेलनुसार बदलते. चुकीच्या बाजूने सुरी घातली की पाते तुटते, आणि पत्र्यावरचा आकडा वाकला तर नवे पाते आणूनही ते बसत नाही. आधी फारसे न लागणारे एखादे बटण काढून रचना समजून घ्यावी, तिचा फोटो काढावा आणि जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा किंवा गिटार वाजवण्याची पातळ चकती वापरावी. स्पेस बार, एंटर आणि शिफ्ट यांच्याखाली बहुधा धातूची तारही असते. ती दोन्ही टोकांना आधी सोडवल्याशिवाय बटण ओढू नये.

सुटे बटण घेताना केवळ अक्षर आणि रंग जुळवून चालत नाही, खालच्या पात्यांचा आकारही जुळावा लागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाणार असाल, तर मोडलेले बटण आणि लॅपटॉपच्या तळावरील मॉडेल क्रमांकाचा फोटो जवळ ठेवावा.

रिमोट चावी : सेल बदलला म्हणजे झाले असे मानणे

गाडीची दुसरी चावी घरात असताना ती वापरून न पाहणे, ही रिमोटच्या बाबतीतील सर्वांत सामान्य चूक. दुसऱ्या चावीनेही दार उघडत नसेल, तर दोष चावीत नसून गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली असण्याची शक्यता मोठी असते. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून तपासण्याची युक्ती बहुतेकांना ठाऊक असते. परंतु ती अवरक्त किरणांसाठी आहे. आजच्या गाड्यांच्या चाव्या रेडिओलहरी सोडतात, आपल्याकडे साधारणतः ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि त्या कॅमेऱ्यात कधीही दिसणार नाहीत.

सेलवरील क्रमांकात त्याची मापेच लिहिलेली असतात. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा सेल. सीआर २०२५ तेवढ्याच व्यासाचा, पण २.५ मिलिमीटर जाड. दोन्ही ३ व्होल्टचे असल्याने दुकानदार ‘चालतो हो’ म्हणून पातळ सेल देतो, तो पत्री वाकवून बसवला जातो आणि चावी खिशात हलली की संपर्क सुटतो. मल्टिमीटरवर २.९ व्होल्ट दिसले म्हणून जुना सेल चांगला आहे, असेही समजू नये. लहरी सोडताना चावी जो प्रवाह ओढते, त्या क्षणी थकलेल्या सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) कोसळतो. नवा सेल कडांनी धरावा आणि लोखंडी चिमट्याने तर धरूच नये, कारण दोन्ही ध्रुव जोडले जातात. मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलांवर कडू लेप दिलेला असतो. अशा नव्या सेलनेही चावी चालली नाही, तर तो लेप अल्कोहोलने पुसून पाहावा. हा लेप असो वा नसो, दुरुस्ती करताना सेल मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नये : गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते, आणि वापरून संपलेला सेलही याला अपवाद नसतो. तशी शंका जरी आली तरी उलटी करवण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.

जुने कवच फेकून देणे

माझी सर्वांत लाजिरवाणी चूक ही आहे. चावीचे कवच फुटले होते, बटणांचे रबर फाटले होते, म्हणून मी रिकामे नवे कवच आणले, रिमोटच्या सर्किटची हिरवी पट्टी त्यात बसवली, चावीचे पाते घासून आणले आणि जुने कवच कचऱ्याच्या डब्यात टाकले. दार उत्तम उघडले. गाडी मात्र सुरू होऊन लगेच बंद पडू लागली आणि डॅशबोर्डवर कुलपाचा दिवा लुकलुकत राहिला. अनेक चाव्यांत रिमोटच्या पट्टीपासून वेगळी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी एक काळी चीप कवचाच्या खाचेत चिकटवलेली असते. तिला सेल लागत नाही. गाडी सुरू करण्याच्या कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला शक्ती मिळते आणि ती ओळख पटवते, म्हणूनच रिमोटचा सेल संपला तरी गाडी सुरू होते. घंटागाडी यायच्या आत मी डबा उपडा केला, म्हणून चीप मिळाली. तेव्हा जुने कवच गाडी प्रत्यक्ष चार-पाच वेळा सुरू करून पाहीपर्यंत जपून ठेवावे.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांत सेल संपल्यावर घाबरून मदतीची गाडी बोलावली जाते. अशा चावीच्या पोटात दार उघडण्यासाठी धातूचे पाते दडवलेले असते, आणि आत बसल्यावर चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी ठेवून इंजिन सुरू करता येते.

पँटच्या खिशातून चावी धुण्याच्या यंत्रात गेली असेल, तर ती चालते का हे पाहण्यासाठी बटण दाबू नये. सेल लगेच काढावा, कवच उघडावे, साबणाचे अवशेष डिस्टिल्ड पाण्याने आणि मग अल्कोहोलने धुवावेत, किमान एक दिवस सावलीत वाळू द्यावे आणि नंतरच नवा सेल घालावा. पितळी भांड्यात ताक कळकावे तसा हिरवा थर संपर्कांवर आधीच चढला असेल, तर तो मऊ जुन्या टूथब्रशने आणि अल्कोहोलने हळूहळू काढावा. काचकागद लावल्यास मुलाम्याचा थर निघून जातो आणि गंज दुप्पट वेगाने परततो. बिनतारी कीबोर्डच्या पेन्सिल सेलमधून झिरपलेली पांढरी पूड मात्र निराळी असते. ती अल्कधर्मी असल्याने तिच्यावर लिंबाचा किंवा व्हिनेगरचा थेंब चालतो. खाण्याचा सोडा चालत नाही.

बटणाखालचा सूक्ष्म स्विचच गेला असेल, तर डाग देणे (सोल्डरिंग) हाच उपाय उरतो. ज्याचा हात बसलेला नाही त्याने हा प्रयोग एकुलत्या एका चावीवर करू नये. डाग देण्याची कांडी काही सेकंद जास्त टेकली तरी तांब्याची पट्टी उचलली जाते. मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर हे काम बसल्या बसल्या करून देतो, आपण फक्त स्विचची उंची जुळवून घ्यावी. नवी रिमोट चावी नोंदवायची असेल तर घरातील सर्व चाव्या गोळा करून मगच बसावे, कारण काही गाड्यांत नोंदणी सुरू होताच आधीच्या चाव्यांची नोंद पुसली जाते.

काढलेल्या जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो बाजूला ठेवावा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावा. खणात खिळे आणि नाणी यांच्यासोबत टाकलेले सेल एकमेकांना चिकटून तापतात.