टोमॅटोचा क्रॉस एफ१ पासून सरळ वाणापर्यंत कसा न्यायचा

दोन टोमॅटो क्रॉस करून स्वतःचं सरळ वाण, म्हणजे ज्याचं बी लावलं की दरवेळी तसंच झाड येतं असं वाण, बनवायचंय ना, मग एक आधीच सांगतो, क्रॉस करणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम पुढच्या सहा-सात पिढ्यांचं, आणि त्यातही दुसऱ्या पिढीचं, कारण तिथेच बहुतेक जण चार-पाच झाडं लावतात आणि मग हवं ते आलंच नाही म्हणून सोडून देतात.

क्रॉस करायला मादी झाडावरची अशी कळी घ्या जी दुसऱ्या दिवशी उमलणार आहे, पाकळ्या फिकट पिवळ्या झाल्यात पण अजून मिटलेल्या. चिमट्याने परागकोषांची नळी हलक्या हाताने काढून टाका, मधलं स्त्रीकेसर दुखवू नका. उशीर केलात तर फूल आतल्या आत स्वतःचंच परागण करून मोकळं होतं. मग नर झाडाच्या पूर्ण उमललेल्या फुलातले पराग काचेच्या तुकड्यावर झटकून घ्या आणि मादी फुलाच्या स्त्रीकेसराच्या टोकाला लावा, दुसऱ्या दिवशी परत एकदा लावलं तर फळ धरायची शक्यता वाढते. लगेच लेबल बांधा, आधी आईचं नाव मग बापाचं. फळ पूर्ण पिकलं की बी गरासकट दोन-तीन दिवस आंबवा, धुवा आणि सावलीत वाळवा.

क्रॉस खरंच झालाय का हे ओळखायची एक मस्त युक्ती आहे. बटाट्यासारखं पान असलेलं झाड मादी घ्या आणि नेहमीच्या कातरलेल्या पानाचं नर. बटाटा पान हा अप्रभावी गुण आहे, म्हणजे आईबाप दोघांकडून आला तरच दिसतो, एकाकडूनच आला तर प्रभावी गुणाखाली लपून राहतो, त्यामुळे क्रॉस लागला असेल तर रोपं कातरलेल्या पानाची येतात, आणि बटाटा पानाचं रोप दिसलं की समजा आईनेच स्वतःचं परागण केलंय, उपटून टाका.

क्रॉसच्या बियांतून आलेली पहिली पिढी म्हणजे एफ१, तिच्या बियांतून आलेली एफ२, आणि असंच पुढे. दोन्ही आईबाप शुद्ध, म्हणजे आपल्या बियांतून आपल्यासारखीच झाडं देणारे, असतील तर एफ१ ची सगळी झाडं सारखी येतात, त्यामुळे दोन-तीन झाडं पुरतात, त्यांचं भरपूर बी धरा आणि पुढे चला. एफ१ छान दिसतंय म्हणून वाण तयार झालं असं अजिबात नाही, त्याचं बी लावलं की सगळं फुटतं, म्हणजे वेगवेगळ्या गुणांची झाडं निघतात. आणि बाजारातलं हायब्रिड आईबाप म्हणून घेतलं असेल तर एफ१ मध्येच वेगवेगळी झाडं दिसतील, तेव्हा निवड तिथूनच सुरू करा.

आता एफ२. मेंडेलने वाटाण्यात दाखवलेलं ३:१ इथेच दिसतं. समजा तुम्हाला बुटकं झाड हवंय, तो अप्रभावी गुण, म्हणजे चारात एक. पण चार झाडं लावून भागत नाही, किमान एक तरी मिळेल याची ९५ टक्के खात्री हवी तर ११ झाडं लागतात. बुटकं आणि पिवळ्या गराचं हवं असेल तर सोळात एक, म्हणजे ४७ झाडं. त्यात बटाटा पानही पाहिजे म्हणालात तर चौसष्टात एक, १९१ झाडं! म्हणून माझं स्पष्ट मत, जागा कमी असेल तर दोनच गुण धरा आणि बाकीचे नंतर बघा. बुटकेपणा आणि पान तर रोपातच कळतं, त्यामुळे दाट पेरून नको ती रोपं आधीच काढता येतात, सगळी वाढवत बसायची गरज नाही.

अप्रभावी गुण एफ२ मध्ये दिसला की तो तिथेच पक्का झाला. प्रभावी गुणाचं तसं नाही, लाल फळाची झाडं निवडलीत तर त्यातली तीनात दोन आतून पिवळा गुण लपवून असतात. हे बघून कळत नाही, प्रत्येक झाडाचं बी वेगळं ठेवून एफ३ मध्ये त्याची ११-१२ पोरं लावायची, सगळी लाल आली तर बहुतेक ते झाड शुद्ध होतं. दोन झाडांचं बी कधीच एकत्र करू नका, सगळा हिशोब बिघडतो.

स्वतःच्याच परागाने बी धरत गेलं की आईबापांत वेगळे असलेले जे जनुक अजून मिश्र आहेत, म्हणजे आईचं एक आणि बापाचं एक असे दोन्ही प्रकार झाडात आहेत, ते दर पिढीला सरासरी निम्मे होतात, एफ२ ला ५०, एफ३ ला २५, मग १२.५, एफ६ ला साधारण ३ टक्के. चव आणि उत्पादन हे गुण मात्र अनेक जनुकांवर आणि पाणी-उन्हावर चालतात, एका झाडावरून ठरवू नका, एफ४ पासून एका कुळाची, म्हणजे एकाच झाडाच्या बियांची, आठ-दहा झाडं शेजारी लावून तुलना करा. ज्या जातीत स्त्रीकेसर नळीबाहेर डोकावतं तिथे मधमाश्या बाहेरचा पराग आणतात, म्हणून बी धरायच्या घोसाला उमलण्याआधीच जाळीची पिशवी बांधा.

भांग-हेंप, पालक अशा नर-मादी वेगळ्या झाडांत हे इतकं पटकन होत नाही कारण झाड सहसा स्वतःशी क्रॉस होत नाही, सख्ख्या भावंडांचा क्रॉस करत जावं लागतं आणि अशा साधारण तीन पिढ्या म्हणजे टोमॅटोची एक पिढी.

एफ६-एफ७ ला वीसेक झाडं लावा, सलग दोन पिढ्या एकही वेगळं निघालं नाही तर वाण स्थिर धरायला हरकत नाही. तोवर प्रत्येक पिढीचं थोडं बी लेबल लावून कोरड्या थंड जागी ठेवाच, टोमॅटोचं बी नीट वाळवलेलं असेल तर चार-पाच वर्षं सहज उगवतं, आणि एफ५ ला चव हरवली असं वाटलं तर त्याच कुळाच्या एफ३ वर परत जाता येतं.