नायसिनामाइडचे सीरम कसे सुरू करावे

नायसिनामाइड हे जीवनसत्त्व ब-३ चे पाण्यात विरघळणारे रूप आहे. त्यामुळे त्वचेत सिरामाइड हे स्निग्ध घटक अधिक प्रमाणात तयार होतात आणि ओलावा टिकतो. शिवाय रंगद्रव्य वरच्या थरातील पेशींपर्यंत पोहोचण्यास आळा बसत असल्याने मुरुमांमागे राहिलेले डाग हळूहळू फिके होतात. मूळचा वर्ण बदलेल या आशेने मात्र ते विकत घेऊ नये.

बाटली ५ टक्क्यांची घ्यावी. दुकानांत १० टक्क्यांची सीरम सर्रास मिळतात; पण ज्या चाचण्यांच्या आधारे या घटकाचे गुण सांगितले जातात, त्यांपैकी बहुतेकींत प्रमाण २ ते ५ टक्के होते. त्यापुढे फायदा त्याच मानाने वाढत नाही, त्रासाची शक्यता मात्र वाढते.

लावण्याची रीत सोपी आहे: तोंड धुऊन टिपावे, दोन-तीन थेंब लावावेत आणि वरून मॉइश्चरायझर लावावे.

खरी कसोटी पहिल्या महिन्याची असते आणि माझी चूक तिथेच झाली. मी थेट १० टक्क्यांचे सीरम सकाळ-संध्याकाळ लावू लागले. चौथ्या दिवशी नाकाच्या दोन्ही बाजूंना गाल लाल झाले आणि साधे पाणी लागले तरी चुणचुणू लागले. ‘आतली घाण बाहेर पडते आहे, थांबू नका’ असा सल्ला मिळाला, म्हणून मी आणखी आठवडाभर ते सोसले. हा सल्ला साफ चुकीचा आहे. रेटिनॉइड म्हणजे जीवनसत्त्व अ च्या वर्गातील घटक; त्यांच्यामुळे पेशींची उलाढाल वेगाने होते आणि सुरुवातीला मुरुम वाढू शकतात. नायसिनामाइडचे काम त्या पद्धतीचे नाही, त्यामुळे जळजळ झाली तर ते त्वचेला मानवत नाही असेच समजावे. अखेर सगळ्या बाटल्या शेजारी मांडून लेबले वाचली, तेव्हा फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन या तिन्हींमध्येही नायसिनामाइड निघाले.

म्हणून नवी बाटली उघडण्याआधी घरातील प्रत्येक लेबल वाचावे. मग आठवडाभर रोज एकदा जबड्याच्या कडेला थोडेसे लावून पाहावे. त्रास झाला नाही तर पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, पुढचे दोन आठवडे एका रात्रीआड आणि त्यानंतर रोज लावावे. या महिन्यात दुसरे कोणतेही नवे उत्पादन सुरू करू नये. नाहीतर त्रास कशामुळे झाला हे कळायला मार्ग उरत नाही. लाली आलीच तर सीरम त्याच दिवशी बंद करावे आणि त्वचा शांत होईपर्यंत सौम्य क्लेन्झर व साधे मॉइश्चरायझर यांवरच थांबावे. सूज किंवा फोड आल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

व्हिटॅमिन सी सोबत ते चालत नाही ही समजूत जुनी आहे. दोन्ही वापरता येतात, आणि त्वचा नाजूक असेल तर एक सकाळी व दुसरे रात्री लावावे.

दिवसा सनस्क्रीन टाळले तर डागांवरची सगळी मेहनत वाया जाते. फरक दिसण्यास ८ ते १२ आठवडे लागतात, तेव्हा रोज आरसा न्याहाळण्याऐवजी दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीशी, त्याच वेळी फोटो काढावा. तीन महिन्यांनंतरही पहिल्या आणि शेवटच्या फोटोत फरक नसेल, तर जास्त टक्क्यांची बाटली न आणता ते फोटो घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, कारण तो डाग मुरुमाचा नसून वांगाचा असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात.