राज्यघटनेत आपलं कोल्हापूर कसं शोधायचं

परवा राजारामपुरीत अभ्यासिकेत एका पोरानं विचारलं, दादा महाराष्ट्राची हद्द राज्यघटनेत नेमकी कुठं लिहिलीय? प्रश्न एकदम बरोबर आहे, कारण बहुतेकजण २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश एवढं पाठ करतात आणि पुढं जातात. तसं करू नका, एकदा स्वतः शोधून बघा.

घटनेची मराठी पीडीएफ उघडा आणि थेट कलम १ काढा. भारत हा राज्यांचा संघ आहे हे तिथंच आहे आणि देशाचा प्रदेश म्हणजे राज्यं, केंद्रशासित प्रदेश आणि पुढं जो प्रदेश मिळेल तो. हे तिसरं उगीच नाही लिहिलेलं, गोवा १९६१ ला आला आणि १९६२ ला १२ व्या घटनादुरुस्तीनं यादीत बसला.

आता कुठलं राज्य कुठवर, हे कलमात नाही, त्यासाठी मागं पहिली अनुसूची, म्हणजे घटनेच्या शेवटी जोडलेली राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांची यादी, बघायची. पोरं इथंच अडकतात, कारण महाराष्ट्रासमोर एकाही जिल्ह्याचं नाव नाही! फक्त एवढंच लिहिलंय की १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ८(१) मधला प्रदेश, त्यातून १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्यानं गुजरातला गेलेला भाग वगळून. मग १९५६ चा कायदा डाउनलोड करा आणि कलम ८ सावकाश वाचा. विजापूर, धारवाड, कानडा आणि बेळगाव जिल्हे मुंबई राज्यातून काढलेत, पण बेळगावपुढं लिहिलंय, चंदगड तालुका सोडून. एवढ्या तीन शब्दांवर चंदगड आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे आणि बेळगाव नाही, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्याच ओळीवर थांबलो होतो. कोल्हापूरचं नाव मात्र त्या वर्णनात शोधत बसू नका, आपलं संस्थान १ मार्च १९४९ लाच मुंबईत विलीन झालं होतं, त्यामुळं ते मुंबई राज्यातच धरलंय.

हद्द बदलायची तर कलम ३. राष्ट्रपतींच्या शिफारशीनं संसदेत विधेयक येतं, त्या राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवतात पण ते संसदेवर बंधनकारक नाही, आणि कलम ४ मुळं साधं बहुमत पुरतं, कलम ३६८ ची घटनादुरुस्ती लागत नाही. मला विचाराल तर राज्यांचं म्हणणं इथं फारच हलकं पडतंय. पण जमीन दुसऱ्या देशाला द्यायची असेल तर घटनादुरुस्तीच लागते, हे १९६० मध्ये बेरुबारी प्रकरणात (पश्चिम बंगालमधला बेरुबारीचा भाग पाकिस्तानला द्यायचा प्रश्न) सुप्रीम कोर्टानं सांगितलंय.

सीमाप्रश्नासाठी अजून एक कलम वाचायचं, १३१. राज्याराज्यांतला वाद थेट सुप्रीम कोर्टात नेता येतो तो याच कलमानं, महाराष्ट्रानं २००४ ला दावा टाकला तो पण ह्यातूनच. बेळगाववर वाद घालायच्या आधी कलम ३, १३१ आणि ते १९५६ चं कलम ८, तिन्ही शेजारी उघडून ठेवा.