लिफ्ट घेताय? आधी टेप आणि ड्रिल हातात घ्या

"गॅरेजमध्ये गाडी उचलायची लिफ्ट दोन खांबी घेऊ की चार खांबी?" असं कुणी विचारलं की त्याला उलट तीन प्रश्न विचारावेत. छत किती उंच आहे? कोबा, म्हणजे जमिनीचं काँक्रीट, किती जाड आहे? आणि गेल्या महिन्यात किती तास गाडीखाली झोपून काम झालं? उत्तरं ठरलेली असतात. "असेल बारा फूट." "जाड आहे हो, भरलेला टेम्पो उभा राहतो." "रोजच असतं खालचं काम." या तीन अंदाजांवर लिफ्ट बुक होते, आणि टेप निघते ती फिटिंगवाला दारात आल्यावर.

काम न मोजता लिफ्ट घेणं

क्लच, गिअरबॉक्स, सायलेन्सर, ड्राइव्ह शाफ्ट, लोअर आर्मचे बुश, इंजिन ऑइलच्या चेंबरची गळती या कामांत लिफ्ट आपली किंमत वसूल करते. जमिनीवर गिअरबॉक्स चढवायचा तर एक जण जॅक हलवतो आणि दुसरा पाठीवर पडून शाफ्टचे दाते क्लच प्लेटमध्ये जुळवत बसतो. लिफ्टखाली गिअरबॉक्स जॅक असेल तर तेच काम एकटा माणूस उभ्याउभ्या करतो. पण वायरिंग, एसीचा गॅस, इंजेक्टर, हेड गॅस्केट, बॅटरी यांत लिफ्टचा उपयोग जवळजवळ शून्य. ज्याच्याकडे निम्म्याहून जास्त काम बॉनेट उघडून होतं, त्यानं लिफ्ट घेऊन जागाच अडवायची आहे.

चार आठवडे एक वही ठेवा. गाडी, काम, आणि कुणीतरी प्रत्यक्ष खाली होतं तेवढाच वेळ. चहाला गेलेला वेळ धरायचा नाही. सरासरी दिवसाला दोन तासांच्या आत आली तर लिफ्ट घेऊ नका, असं माझं सरळ मत आहे.

वहीत अजून एक रकाना हवा: सुट्या भागासाठी गाडी किती दिवस अडली. लोअर आर्म उतरवलेली गाडी खाली घेऊन ढकलता येत नाही. बुश यायला पाच दिवस लागले की एकुलती एक लिफ्ट म्हणजे पाच दिवसांची महागडी घोडी (गाडी टेकवून ठेवायचा स्टँड). म्हणून गाडी वर घ्या, तपासा, खाली घ्या, भाग मागवा, आणि भाग हातात आल्यावरच उघडा. नव्या मुलांना हे शिकवणं सगळ्यात अवघड. गाडी वर गेली की त्यांचा हात पान्याकडे जातोच.

छताची उंची "साधारण" सांगणं

दोन खांबी लिफ्ट दोन तऱ्हांची. एकीत वायर रोप आणि तेलाचे होज दोन खांबांना वर जोडणाऱ्या बीममधून जातात. तिची स्वतःचीच उंची सुमारे ३.६ मीटर, म्हणजे जवळजवळ १२ फूट. दुसरीत ते जमिनीवरच्या पट्टीखालून जातात, तिचे खांब २.८ मीटरच्या आसपास असतात. छत ११ फूट असेल तर बीमवाली उभीच राहत नाही. इथेच लोक खूश होऊन पट्टीवाली घेतात आणि समजतात, सुटला प्रश्न. खांब बसले खरे, पण गाडी कुठवर जाते?

हिशोब असा करा. उभ्यानं काम करायला पॅड, म्हणजे लिफ्टच्या आर्मच्या टोकाचे गाडीला टेकणारे भाग, सुमारे १.८ मीटरवर हवेत. हॅचबॅक १.५ मीटर उंच, तिचा जॅक पॉइंट (गाडी उचलायला नेमलेली जागा) जमिनीपासून साधारण ०.२ मीटर. म्हणजे पॅडच्या वर गाडी १.३ मीटर उरते, आणि टप ३.१ मीटरवर जातो. उंच एसयूव्ही १.८५ मीटर, चॅसी धरायची जागा ०.३ मीटरवर: टप ३.३५ मीटर. त्यावर किमान १५ सेंमी मोकळं सोडा. डिकीचं दार उघडं राहणार असेल तर त्याचं टोक टपाच्याही वर जातं, तेही मोजा. उघड्या दारासकट गाडी वर घेऊन काच फोडणं हा प्रकार जितका मूर्खपणाचा तितकाच नेहमीचा.

उंची छतापासून मोजायची नाही. मोजायची ती तुळई, पत्र्याखालची कैची, ट्यूबलाइट, पंखा आणि शटर गुंडाळल्यावर होणारा गोळा यांपैकी जे सगळ्यात खाली असेल तिथून. बीमवाल्या लिफ्टला वर एक आडवी दांडी असते, टप तिला टेकला की मोटर बंद पडते. पट्टीवालीला अशी दांडी नसते. तिथे थांबायचं काम बटण दाबणाऱ्याच्या डोळ्यांचं, आणि त्याचे डोळे त्या वेळी गाडीच्या पोटाकडे लागलेले असतात. छत कमी असेल तर खांबावर लाल पट्टा मारा आणि कॅरेज (आर्म धरून खांबावर सरकणारा भाग) त्याच्या वर न्यायची नाही असा नियम करा. शक्य असेल तर वायरमनकडून ठरलेल्या उंचीला मोटर बंद करणारा लिमिट स्विच बसवून घ्या.

आणि सगळं मोजून पॅड १.४ मीटरपर्यंतच जाणार असतील, तर दोन खांबी लिफ्टचा हट्ट सोडा. दिवसभर मान वाकवून काम करण्यापेक्षा स्टुलावर बसून मधल्या उंचीच्या सीझर लिफ्टवर (कैचीसारखी उघडत वर जाणारी) चाकं, ब्रेक आणि बॉडीचं काम करणं बरं. सीझरखाली मधली जागा अडते, त्यामुळे गिअरबॉक्सला ती चालत नाही, हे मात्र आधीच समजून घ्या.

कोबा न बघता बोल्ट ठोकणं

या चुकीवर जास्त लिहितो, कारण हिच्यात गाडी पडते.

"टेम्पो उभा राहतो" हे कोब्याचं प्रमाणपत्र नव्हे. टेम्पो जमिनीला दाबतो. लिफ्टचा खांब जमिनीतून उपटायला बघतो. १६०० किलोची गाडी धरा, प्रत्येक खांबावर ८००. हे वजन खांबावर नसतं, आर्मच्या टोकाला असतं, खांबापासून सुमारे ७० सेंमी आत. म्हणजे प्रत्येक खांब आतल्या बाजूला कलंडायला बघतो तो ५६० किलोग्रॅम-मीटरच्या (८०० किलो गुणिले ०.७ मीटर) जोरानं. बीम त्यातला काही भाग सांभाळतो, पण बाहेरच्या बाजूचे अँकर बोल्ट ताणात राहतातच. ते बोल्ट काँक्रीटला धरून असतात. खाली काँक्रीट नसून दोन इंच गिलावा आणि त्याखाली मुरमाचा भराव असेल, तर ते कशालाच धरून नसतात.

प्रसंग कसा घडतो तेही बघा. फरशी छान गुळगुळीत आहे. फिटिंगवाला भोकं पाडतो. पहिले काही सेंटिमीटर राखाडी भुकटी येते, मग तांबडी. तांबडी म्हणजे माती, पण ड्रिल चालू आहे, मालक फोनवर आहे, आणि दुपारी दुसरीकडे फिटिंग आहे. बोल्ट ठोकला जातो. नट आवळताना तो घट्ट व्हायच्या ऐवजी बोल्टच हळूहळू वर येतो. दोन वॉशर जास्त घातले जातात, "जमेल तेवढा" आवळला जातो, वर गाडी चढवून दाखवली जाते. चढतेही! पैसे दिले जातात. काही आठवड्यांनी बेसप्लेटच्या (खांबाच्या तळाची लोखंडी प्लेट) बाहेरच्या कडेला केसाएवढी भेग दिसते. कुणीतरी तिच्यात सिमेंटचं पाणी ओततं. भेग बुजते, बोल्ट तसाच सैल राहतो, आणि पुढची एसयूव्ही त्याच खांबाला लागते.

यावर उपाय अर्ध्या तासाचा आहे, आणि तो लिफ्ट बुक करायच्या आधी करायचा. खांब येणार तिथे, बोल्टच्या जागा सोडून, प्रत्येक बाजूला दोन ठिकाणी १० मिमी बिटनं भोक पाडा. बिट अचानक मऊ जागेत गेलं की थांबा. टोकाला आकडा वाकवलेली तार आत घाला, काँक्रीटच्या खालच्या कडेला अडकवा, वर खूण करा, बाहेर काढून मोजा. एकाच भोकावर विश्वास ठेवू नका, कोब्याची जाडी चार फुटांवर बदलते. वरची लादी आणि गिलावा जाडीत धरायचा नाही. बहुतेक मॅन्युअलमध्ये किमान १०० ते १५० मिमी जाडी आणि २० ते २५ एमपीए ताकदीचं (एमपीए म्हणजे मेगापास्कल, दाब सोसण्याचं माप) काँक्रीट मागितलेलं असतं. आपल्या मॉडेलचा आकडा काय तो मॅन्युअलमध्येच बघा, विक्रेत्याच्या तोंडून नको.

जाडी कमी निघाली तर कोबा कापून नवं काँक्रीट ओता. मी दोन खांबांना दोन वेगळे ठोकळे करत नाही, दोघांच्या खालून एकच सलग पट्टा घालतो: सुमारे १.२ मीटर रुंद, ३०० मिमी खोल, खाली-वर सळईची जाळी. आणि मग थांबा. २८ दिवस. सातव्या दिवशी काँक्रीट दगडासारखं वाटतं, पण ताकद साधारण दोन तृतीयांशच आलेली असते. "दहा दिवस झाले, बसवू का?" याचं उत्तर नाही असंच आहे, कितीदाही विचारलं तरी.

बसवताना भोकातली भुकटी ब्लोअरनं पूर्ण काढा, भुकटीवर बसलेला अँकर पकडत नाही. जुन्या काँक्रीटच्या सांध्याजवळ किंवा कडेला बोल्ट नको. खांब ओळंब्यात आणायला बेसप्लेटखाली स्टीलच्या पट्ट्या घाला, लाकडी पाचर नाही. टॉर्क पान्यानं मॅन्युअलच्या आकड्याला आवळा. तेवढा टॉर्क घ्यायच्या आधी बोल्ट फिरत राहिला तर ती जागा बाद समजा. पहिल्या आठवड्यानंतर पुन्हा आवळा, मग दर तीन महिन्यांनी तपासा. खाली तळघर असेल, म्हणजे लिफ्ट स्लॅबवर येणार असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरनं लेखी दिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एका ओळीच्या चुका, तरी रोजच्या

रुंदी: बाहेरून बाहेर सुमारे ३.४ मीटर लिफ्टच खाते, खांबामागून माणूस जायला दोन्हीकडे अर्धा-अर्धा मीटर वेगळा.

लांबी: ४.५ मीटरच्या गाडीला पुढेमागे एकेक मीटर. शटर गाडीच्या बंपरला टेकत असेल तर ती जागा लिफ्टची नाही.

वीज: २.२ किलोवॉटची मोटर सिंगल फेजवर चालते, पण सुरू होताना कित्येक पट करंट ओढते. मीटरपासून लांब, बारीक वायर असली की मोटर नुसती घुमते आणि गाडी जागची हलत नाही. लोक पंपाला दोष देतात.

क्षमता: ४ टनाची लिफ्ट म्हणजे एका आर्मला १ टन. पुढे इंजिन असलेल्या गाडीचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन आर्मवर येतं, हे धरून मॉडेल निवडा.

चार खांबी: गाडी चाकांवर उभी राहते, त्यामुळे ऑइल, सायलेन्सर, अलाइनमेंटला उत्तम. चाक काढायचं तर वर वेगळा जॅक बीम लागतो, आणि तो कोटेशनमध्ये बहुधा नसतो.

वजन सरकतं हे विसरणं

लिफ्ट आली, बसली, तरी ही चूक बाकी असतेच. १२०० किलोची, पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक. तिचा तोल, म्हणजे वजनाचा मध्यबिंदू, पुढच्या ॲक्सलपासून सुमारे ९८ सेंमी मागे आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून १६० किलो खाली उतरवलं की तोल १५ सेंमी मागे सरकतो. एवढ्यानं गाडी पडत नाही. पण मागचे आर्म घाईत आखूड ठेवलेले असतात, डिकीत गॅसचं सिलिंडर असतं, आणि कुणीतरी मागचा गंजलेला बोल्ट पान्याला पाइप लावून खाली ओढत असतं. तिन्ही एकत्र आलं की पुढचे पॅड जॅक पॉइंटपासून सुटतात. आधी बोटभर फट दिसते. ती दिसली तर खालून बाजूला व्हा, गाडी हातानं धरायला जाऊ नका.

जड भाग उतरवण्याआधी डिकी रिकामी करा, मागचे आर्म पूर्ण लांब करून मॅन्युअलमधल्या जॅक पॉइंटवर ठेवा, आणि गाडीच्या मागच्या टोकाखाली उंच स्टँड लावा. जोर लावून सोडायचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच सैल करून ठेवा.

दर वेळी चाकं जमिनीपासून १० सेंमी सुटली की थांबायचं, चारही पॅड बघायचे, बंपरला धरून गाडी हलवायची, मगच वर. हवी ती उंची आली की थोडं खाली घेऊन दोन्ही खांबांच्या लॉकवर टेकवायची. वर जाताना लॉकची टकटक दोन्ही बाजूंनी बरोबरच यायला हवी. एक मागे पडत असेल तर समतोल राखणारी वायर रोप सैल झाली आहे, ती त्याच दिवशी ताणून घ्या.

लिफ्ट नको ठरल्यावर खड्डा खणणं

वही लिफ्ट नको म्हणाली की पुढचा विचार गाडीखाली उभं राहून काम करायच्या खड्ड्याचा येतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात उतरते आणि तिथेच साचते. तिच्यात हातदिवा फुटला की संपलं. तळापासून हवा ओढणारा पंखा, ठिणगी न पडणारे दिवे आणि दोन्ही टोकांना पायऱ्या यांची तयारी नसेल तर खड्डा नको. त्यापेक्षा ३ टनाचा एक बऱ्यापैकी ट्रॉली जॅक, चार घोड्या आणि पाठीखाली घ्यायची चाकांची फळी घ्या. घोड्या जोडीनंच लावा, खाली कोबा नसेल तर प्रत्येकीखाली जाड लोखंडी प्लेट ठेवा, आणि जॅक काढून न नेता टेकत नाही इतपत खाली घेऊन तिथेच राहू द्या.