डंजनच्या सुट्या टाइल्स घरी कशा कराव्यात

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवत खेळायच्या खेळात, मोठा छापील नकाशा पसरला की सगळं डंजन, म्हणजे खेळातलं भुयार, पहिल्याच मिनिटाला उघडं पडतं. सुट्या टाइल्स असल्या तर खेळाडूंनी दार ढकललं की मगच पुढची खोली टेबलावर येते, आणि पुढच्या वेळी त्याच टाइल्स वेगळ्या मांडल्या की भुयार नवं. २४ टाइल्सचा संच दोन-तीन संध्याकाळींत होतो. घाई दोनच ठिकाणी करू नका: आखणीत आणि कटिंगमध्ये.

आधी आखणी

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अशाच खेळात टेबलावरचा १ इंच म्हणजे भुयारातले ५ फूट. मिनिएचरचा, म्हणजे पात्राच्या छोट्या बाहुलीचा, बेस साधारण २५ मिमीचा असतो, म्हणून चौकोन बरोब्बर १ इंचाचा, म्हणजे २५.४ मिमीचा हवा. टाइल ६ × ६ चौकोनांची ठेवा. ३ इंची टाइल हात लागला की सरकते. ८ इंची टाइल ए४ कागदावर समास धरून मावत नाही. ६ इंची १६ टाइल्स मांडल्या तर २ × २ फूट जागा लागते. वन-रूम-किचनमधल्या घडीच्या टेबलावरही ती निघते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वाट दोन चौकोन रुंद काढा आणि ती प्रत्येक कडेला तिसऱ्या-चौथ्या चौकोनातच उघडू द्या, म्हणजे बरोबर मधोमध. ती दुसऱ्या-तिसऱ्या चौकोनात उघडली, तर टाइल उलटी फिरवल्यावर चौथ्या-पाचव्यात जाते आणि शेजारच्या टाइलच्या भिंतीला धडकते. मधली वाट कशीही फिरवा, जुळतेच. शिवाय दोन चौकोनांच्या वाटेतून २ × २ चौकोन व्यापणारा मोठा राक्षसही जातो.

सुरुवातीला सरळ वाटा ६, वळणं ४, तिठे ३, चौक २, बंद टोकं ३ आणि खोल्या ६ पुरतात. खोल्यांपैकी चार टाइल्स 'दालनाचा कोपरा' म्हणून काढा: लगतच्या दोन कडांना भिंत, उरलेल्या दोन कडा पूर्ण मोकळ्या, आणि एका भिंतीत मधोमध दार. चारही जोडल्या की ६० × ६० फुटांचं दालन उभं राहतं. नको असलेल्या दारावर ठेवायला भिंतीचे ८-१० सुटे तुकडे जरूर छापा.

चित्रं स्वतः काढणार असाल तर कान्हेरीच्या लेण्यांना एक चक्कर मारा. छोटा व्हरांडा, आतली खोली, भिंतीलगत दगडातच कोरलेला ओटा, बाहेर पाण्याची पोढी (कातळात खोदलेलं टाकं): ही मांडणी एका टाइलवर छान उतरते, आणि काळ्या कातळाचा पोतही तिथेच न्याहाळता येतो. टाइल्सच्या विकत घेतलेल्या पीडीएफवर छापायची परवानगी बहुधा स्वतःच्या खेळापुरतीच असते. अटी वाचून घ्या.

फाइल आणि छपाई

इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात पान १३ × १९ इंचांचं आणि ग्रिड १ इंचाची ठेवा. या शीटवर ६ टाइल्स बसतात. १२ × १८ ची शीट हिशेबाला पुरेशी वाटते, पण मशीन कडेपर्यंत छापत नाही, त्यामुळे तिथे कडेचे चौकोन कापले जातात. प्रत्येक टाइलचं चित्र चारही बाजूंनी २ मिमी जास्त ठेवा, नाहीतर कटर जरा हलला की पांढरी रेघ दिसते. चित्र ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे टाइलमागे १८०० × १८०० पिक्सेल. स्क्रीनवर दिसतं त्यापेक्षा छपाई गडद येते. आधीच थोडं उजळ करा आणि चौकोनांच्या रेषा काळ्याऐवजी फिकट राखाडी घ्या.

फोर्ट किंवा दादरच्या डिजिटल प्रिंटच्या दुकानात स्टिकर शीटवर छापून मॅट लॅमिनेशन करून घ्या. ग्लॉसी लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते. व्हॉट्सॲपवर फाइल पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेली की बारकावे जातात. 'फिट टू पेज नको, ॲक्च्युअल साइझ' असं ठासून सांगा. आधी एकच शीट काढा आणि दुकानातच पट्टी लावा. सहा चौकोन १५२.४ मिमी भरले पाहिजेत. १४७-१४८ भरले तर प्रिंट आक्रसली आहे. ती घेऊ नका.

चिकटवणं आणि कापणं

पुठ्ठ्यापेक्षा ३ मिमीचा सनबोर्ड (फोमचा हलका प्लास्टिक बोर्ड) घ्या. मुंबईच्या पावसाळ्यात ग्रे बोर्ड, म्हणजे जाड राखाडी पुठ्ठा, ओल धरतो, आणि एकाच बाजूला स्टिकर असेल तर दोन बाजू सारख्या फुगत नाहीत, म्हणून टाइल होडीसारखी वाकते. ग्रे बोर्डच घ्यायचा तर १.५ ते २ मिमीचा घ्या आणि दोन्ही बाजूंना स्टिकर लावा. पातळ केलेला फेविकॉल नको, कागदाला सुरकुत्या पडतात.

बोर्डाचे १३ × १९ चे चार तुकडे कापून मागा. स्टिकरचा मागचा कागद आधी फक्त इंचभर सोला, कड जुळवून दाबा, मग एका हाताने कागद ओढत दुसऱ्या हातातल्या सुती फडक्याने मधून बाहेर दाबत जा. सगळा कागद एकदम सोललात तर बुडबुडे येणारच.

कापायला १८ मिमीचा कटर, स्टीलची पट्टी आणि कटिंग मॅट. पट्टी घट्ट दाबा, कटर उभा धरा आणि हलक्या हाताने चार-पाच फेऱ्या मारा. एका दमात कापायला गेलात की पातं तिरकं उतरतं, कड उतरती होते आणि दोन टाइल्समध्ये फट राहते. पातं बोथट झालं की सनबोर्डाची कड रवाळ फाटते, म्हणून दर तीन-चार टाइल्सनंतर पात्याचं टोक पक्कडीने मोडा. प्रत्येक खूण शीटच्या एकाच कडेपासून मोजा; मागच्या कापापासून मोजत गेलात तर अर्ध्या अर्ध्या मिमीची चूक साठत जाते. टाइल काटकोनात आहे का हे कर्ण सांगतात: दोन्ही २१५.५ मिमीच्या आसपास हवेत. दोघांत एक मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर ती टाइल भुयाराच्या बाहेरच्या कडेला वापरा.

पांढऱ्या कडांवर काळा परमनंट मार्कर फिरवा. जोड एकदम झाकले जातात. मागच्या बाजूला जंगल किंवा गुहेचा दुसरा संच लावला तर त्याच बोर्डात ४८ टाइल्स होतात. तो स्टिकर रेषेवर नेमका कापून एका कोपऱ्याला जुळवत लावा.

खेळताना खाली ड्रॉवरमध्ये घालतात तसली रबरी जाळीची मॅट अंथरा, टाइल्स हलत नाहीत. २४ टाइल्सची चळत ८-९ सेंमी उंच होते. ती आडवीच ठेवा, वर एखादं जाड पुस्तक, आणि जून ते सप्टेंबर डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या.