‘ऑर्डर’चं बटण दाबण्याआधी

गेल्या दिवाळीत ॲपवरून मिक्सर मागवला. पानावर ७५० वॅट लिहिलेलं, आलेल्या मिक्सरच्या बुडाशी चिकटवलेल्या पट्टीवर ५००. भांडायला म्हणून तेच पान उघडलं, तर तिथंही ५००! मधल्या मधे कुणीतरी आकडा बदलला होता. माझ्या हातात फक्त बिल, आणि बिलावर वॅटचा उल्लेखच नाही.

तेव्हा आधी वस्तूच्या पानाचे स्क्रीनशॉट. वर्णन, किंमत, परतीची अट, विक्रेत्याचं नाव-पत्ता. एकात मावत नाही, चार काढा, आळस करू नका. ॲप वेगळं आणि विक्रेता वेगळा, हे माझ्या डोक्यात उशिरा शिरलं. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवणं बंधनकारक आहे; दिसत नसेल तर घेऊच नका. विमा, देणगी असल्या चौकटींत आधीच खूण असेल तर काढा. नियमांत त्याला मनाई आहे, तरी बघून घ्या. ओटीपीचं काय सांगायचं, माहीत आहे सगळ्यांना. तुम्ही विकणारे असाल तर एवढंच: पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. ‘कोड स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या.

खोकं उघडताना व्हिडिओ काढा. मीही काढला होता हो! खोकं, मिक्सर, पट्टी, सगळं स्वच्छ दिसतं. विकताना काय कबूल केलं होतं ते कुठं दिसतं? म्हणून ते स्क्रीनशॉट. सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही, असा नियम आहे. पण जाहिरातीत काय होतं हे दाखवायची पाळी आपल्यावरच येते.

तक्रार चॅटवर करून थांबू नका, खिडकी बंद झाली की ते बोलणं गेलं. ॲपवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव-ईमेल असतं, तिथं लिहा. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण व्हायला हवं. तक्रार क्रमांक जपा.

पुढचं भरभर सांगतो. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. पैशांचीच फसवणूक झाली असेल तर १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, तीही त्याच क्षणी. दाद लागली नाही तर सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता गुडगावचा असला तरी तक्रार आपल्या जिल्ह्यात करता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील हवाच असं नाही. तक्रार करायची मुदत २ वर्षं. पुन्हा विकायला घेतलेल्या मालाला हे लागू नाही. आणि ते स्क्रीनशॉट फोनमध्येच ठेवू नका, स्वतःच्या ईमेलवर पाठवा; फोन बदलताना फोटो कसे जातात ते ठाऊक आहेच.