चिऱ्याची तटबंदी, पेराएवढे मावळे: वॉरगेमचं टेरेन घरी कसं करावं

वॉरगेम म्हणजे छोट्या सैनिकांनी टेबलावर खेळायची लढाई, आणि टेरेन म्हणजे तिच्यातल्या भिंती, डोंगर, झाडं. टेबलावर १६८३ चा फोंड्याचा वेढा मांडायचा असेल, तर विकत मिळणारी तयार तटबंदी फारशी कामाची नाही. ती युरोपातल्या करड्या दगडाची असते आणि गोव्यातला कोट चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा. त्या नोव्हेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉयने मराठ्यांच्या ताब्यातल्या फोंड्याच्या कोटावर तोफा लावल्या, संभाजी महाराज कुमकेला आले, आणि महिना सरण्याआधी मराठे जुवे बेटावर उतरले. एका टेबलावर कोट आणि दुसऱ्यावर बेट, अशा दोन झकास लढाया यातून निघतात. दोन्हींना चिऱ्याची भिंत लागते, म्हणून सुरुवात तिच्यापासून करू.

आधी माप ठरवा. २८ मिमीचा सैनिक म्हणजे तळव्यापासून डोळ्यांपर्यंत २८ मिमी, साधारण बोटाच्या पेराएवढा. हे प्रमाण ढोबळमानाने १:५६ येतं, म्हणजे खरा १ मीटर टेबलावर १८ मिमी. सव्वा फूट लांब आणि सातेक इंच उंच चिरा या हिशेबाने ७ मिमी बाय ३ मिमी व्हायला हवा. तसा काढू नका. हातभर अंतरावरून तो विटेसारखा दिसतो आणि कोरताना जीव जातो. ९ बाय ५ मिमी धरा, नजरेला तोच खरा वाटतो.

भिंतीचा एक तुकडा २० सेंमी लांब आणि ९ सेंमी उंच ठेवा. जाडीत मात्र कंजुषी नको. सैनिकाचा बेस, म्हणजे पायाखालची चकती, २५ मिमीचा असतो, तो तटावर उभा राहायला किमान ३० मिमी मोकळी जागा लागते. भिंत वर ५ सेंमी जाड आणि कठडा १२ मिमीचा घेतला, तर ३८ मिमी उरतात आणि बोटांनी सैनिक उचलताही येतो. कठड्याची उंची २० मिमी, छातीपर्यंत. बाहेरच्या अंगाला तळाशी १ सेंमी आणि वर शून्य अशी पाचर चिकटवा. कोटाची भिंत खाली रुंद आणि वर निमुळती असते. हा उतार विसरला की कोटाचं कंपाउंड वॉल होतं.

साहित्याला एक्सपीएस फोम, म्हणजे छतावर उष्णतारोधक म्हणून घालतात तो घट्ट फोम. तुकडा मोडून पाहा. साबुदाण्यासारखे दाणे सुटले तर तो साधा थर्माकोल, त्यावर चिरा कोरता येत नाही. मासळीचे थर्माकोलचे खोके टाकून देऊ नका. साबणाने धुऊन दोन दिवस उन्हात ठेवले की त्यांचे उत्तम डोंगर होतात. वर फेविकॉलमध्ये भिजवलेल्या वर्तमानपत्राचे तीन थर द्या. फोम चिकटवायलाही फेविकॉलच वापरा आणि वाळेपर्यंत टूथपिक खुपसून ठेवा. सुपरग्लू आणि स्प्रे रंग दोन्ही फोम खातात.

आता कोरकाम. धारदार कटरने ५ मिमीवर आडव्या रेषा मारा, खोली १ मिमी पुरे. उभे सांधे एकाआड एक थरात अर्ध्या चिऱ्याने सरकवा. मग शाई संपलेल्या बॉलपेनने प्रत्येक रेष दाबत रुंद करा. अख्खी भिंत कोरायची गरज नाही. जुन्या कोटांवर चुन्याचा गिलावा अर्धामुर्धा उरलेला असतो, तेव्हा ३०-४० टक्के भाग सपाट ठेवा. पुढे त्यावर वॉल पुट्टीत थोडं फेविकॉल कालवून १ मिमीचा थर द्या आणि कडा नखाने तोडा. मेहनत वाचते आणि भिंत जास्त खरी दिसते.

पोत आणण्यासाठी बाजारात रोलर मिळतात. गोव्यात त्यावर पैसे घालवणं म्हणजे समुद्रकाठी राहून मीठ पार्सलने मागवणं. मुठीएवढा ताजा फुटलेला चिऱ्याचा तुकडा घ्या, जुना नको.  घासून धुवा, वाळवा आणि फोमवर दाबत जा. पोळी लाटताना देतो तेवढाच दाब द्या. प्रत्येक वेळी दगड थोडा फिरवा, नाहीतर तीच नक्षी ओळीने उमटते. दाबल्याने बुजलेले सांधे पेनने पुन्हा मोकळे करा. शेवटी जाड सुईने इथेतिथे खोल भोकं पाडा, दोन-तीन जवळजवळ आणि मग मोकळी जागा. सारख्या अंतरावर पाडली तर भिंतीऐवजी किसणी दिसते.

मग कवच. फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात, त्यात चमचाभर काळा ॲक्रिलिक, असे दोन हात. जानेवारीत पहिला हात तीन-चार तासांत वाळतो, जुलैत पूर्ण दिवस द्या. ओल्यावर दुसरा हात मारला की आतला थर दुधाळ राहतो आणि पुढे सालीसारखा सुटतो.

रंगात हमखास होणारी चूक एकच: चिरा लाल रंगवणं. खाणीतून काढलेला चिरा तांबूस-पिवळा असतो, भोकांत पिवळट माती असते, आणि चार पावसाळे खाल्ले की पृष्ठभाग काळपट होतो. बर्न्ट अंबर दोन भाग आणि रेड ऑक्साइड एक भाग, हा पहिला हात सगळ्या सांध्यांत जाईल असा भरा. त्यावर नुसता रेड ऑक्साइड, ब्रश आडवा धरून, सांधे सोडून. तो वाळला की रेड ऑक्साइड आणि यलो ऑकर समान घेऊन ड्राय ब्रश. ब्रश कागदावर इतका पुसा की रंग जवळजवळ संपला असं वाटावं, मगच भिंतीवर फिरवा. दहातले दोन चिरे ऑकरकडे झुकवा, एखादा जांभळट. ऑकर पाण्यात पातळ करून काही भोकांत थेंब सोडा. आता वॉश, म्हणजे सांध्यांत उतरणारा पातळ रंग: काळा-तपकिरी रंग एक भाग, पाणी आठ भाग, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. थेंब नसेल तर रंग सांध्यांत न उतरता वर गोल डाग धरतो. शेवटी कठड्याखालून काळपट हिरव्या रंगाचे पाण्याचे ओघळ खाली ओढा आणि पायथ्याशी शेवाळ टिपा. ओघळ सगळीकडे नकोत, पाणी जिथून खरंच पडेल तिथेच.

भिंतीखालच्या बेसला ५ मिमीचा सनबोर्ड सर्वोत्तम. साइनबोर्ड करणाऱ्यांकडे कापलेले तुकडे स्वस्तात मिळतात. एमडीएफ इथल्या दमटपणात फुगतो आणि पुठ्ठ्याला वाळवी सापडते. वरून ओला थर दिला की वाळताना तो आकसतो आणि बेस वाटीसारखा उचलतो. म्हणून मागच्या बाजूलाही फेविकॉल-पाण्याचा एक हात द्याच. जमिनीसाठी लाल माती चहाच्या गाळणीतून चाळा, तव्यावर दहा मिनिटं कोरडी भाजा आणि फेविकॉलवर भुरभुरा. न भाजलेल्या मातीवर पावसाळ्यात बुरशी येते. किनाऱ्याची वाळू टाळा, तिच्यातलं मीठ ओल ओढतं आणि रंगातून पांढरं फुटतं.

माड खऱ्या मापाचे केले तर फूटभर होतील आणि प्रत्येक चालीला हात अडकेल, १६ सेंमी पुरे. २ मिमीची जीआय तार, तिच्यावर मास्किंग टेप आडवी गुंडाळत जा. तिच्या कडा खोडावरच्या वळ्यांसारख्या दिसतात. जाड कागदाच्या ७ सेंमीच्या बारा-चौदा झावळ्या, मधल्या शिरेवर दुमडून तिरप्या कातरलेल्या. सोडणाचा भुसा पाचोळ्याला चालतो.

उरले मावळे. दिवाळीत नरकासुराचा पुतळा बांधणाऱ्या पोरांना तारेचा सांगाडा शिकवायला नको. इथेही तेच, फक्त तार ०.८ मिमी आणि उंची पेराएवढी. डोकं साडेचार मिमी. एम-सील चालतं, पण ते रवाळ आणि घाईचं. मूर्तिकामाची इपॉक्सी क्ले बारीक कामाला बरी. हातमोजे घालून दोन्ही भाग समान घ्या आणि रंगाचा एकही पट्टा उरणार नाही तोवर मळत राहा. अर्धवट मळलेली माती कायम चिकट राहते. पहिल्या दिवशी तारेवर पातळ थर, फक्त पकड धरायला. दुसऱ्या दिवशी अंग, तिसऱ्या दिवशी अंगरखा आणि मुंडासं, शेवटी ढाल-तलवार. सगळं एका बैठकीत करायला गेलात तर बाही वळवताना छाती चेपते. हत्याराला पाणी लावत राहा. भाला मातीचा करू नका, मोडतोच. तारेचं टोक हातोडीने चपटं करा. बेसला हार्डवेअरच्या दुकानातले २५ मिमीचे वायसर घ्या, वजनाने सैनिक पडत नाही. खाऱ्या हवेत ते गंजतात, तेव्हा आधी रेड ऑक्साइड प्रायमर मारा.

स्प्रे प्रायमर जून ते सप्टेंबर कपाटातच ठेवा. हवेत ओल जास्त असली की तो खरखरीत बसतो, आणि मॅट वार्निशवर तर पांढरी झाक चढते. अशी झाक आलीच तर ब्रशने ग्लॉस वार्निशचा हात द्या, बहुतेक वेळा जाते. मॅटचा हात कोरड्या दिवशी पुन्हा. पावसाळ्यात ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर वापरा.

मावळ्याचे कपडे पांढरेशुभ्र रंगवू नका. मांजरपाटाचा कोरा रंग, म्हणजे पांढऱ्यात थोडा ऑकर, त्यावर पातळ तपकिरी वॉश, मग घड्यांच्या उंचवट्यांवर पुन्हा मूळ रंग. ब्रश १ नंबरचा, टोक शाबूत असलेला. तीन शून्यांच्या, म्हणजे अगदी बारीक ब्रशवर रंग मावळ्याच्या डोळ्यापर्यंत पोचायच्या आधीच वाळतो. पंखा बंद ठेवा.

मे संपण्याआधी सगळं झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह भरा. खाली जाड कागद घाला, स्पंज नको. तो रंगाला चिकटतो आणि ऑक्टोबरात डबा उघडताना मावळ्याच्या पाठीचा रंग त्याच्यावर निघून येतो.